मालूआजीला सगळ्यांची दया येते

चढ आला की मालूआजी रिक्षातून उतरते. तिला रिक्षाची दया येते.

मुलांनो, तुम्ही तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे, म्हणून सांगते. ही माझी धाकटी बहीण. महाडला शाळेत शिकवत होती, आता निवृत्त होऊन तिथेच एकटी राहते. या डिसेंबरात मी आणि आमचा मधला भाऊ शरद काही दिवस तिच्याकडे गेलो. ती आम्हाला घ्यायला वीर स्टेशनवर आली होती. सामान चढलं, आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो, आणि पहिल्याच चढाला ती ओरडली, "थांबव रे! बिचारीला झेपत नाही."

ती उतरली आणि रिक्षाशेजारून चालू लागली. रिक्षावाला तिला ओळखत असावा. "वर जाऊन थांबतो, बाई," एवढंच म्हणाला.

पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटात डोंगर बघायला जीपने गेलो, तेव्हा प्रत्येक वळणानंतर तिने "शाब्बास!" म्हटलं. ड्रायव्हरला नव्हे, जीपला. दासगावला आमची जुनी मैत्रीण कुलसुम राहते. तिने घावने केले होते. ताटात शेवटचा उरला, तसं मालू म्हणाली, "बिचारा एकटा पडला," आणि तो तिने खाल्ला. कुलसुमने आणखी एक वाढला. तोही एकटाच!

"गो मालू," कुलसुम म्हणाली, "माझं पीठ संपंल, पण तुझी दया काय संपायची नाय."

माणसांच्या बाबतीत मात्र मालूची जीभ तिखट. विशेषतः शरदशी. तिच्या मते दादाला रस्ता ओलांडण्यापासून चहा गाळण्यापर्यंत काहीही धड येत नाही.

या दादाला गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. आता चालायला हरकत नाही, पण हळू आणि दम लागला की बसून, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तरीही रायगडावर पायऱ्यांनीच जायचं, रोपवेने नाही, हा त्याचा हट्ट होता. तरुणपणी आम्हा बहिणींना खूप मागे टाकून तो वर पोचायचा. आपल्याला हे अजून जमतं का, ते त्याला बघायचं होतं. मला भीती वाटत होती ती पायऱ्यांची नव्हे, त्याच्या स्वभावाची. जीव गेला तरी तो आमच्यासमोर दम लागला म्हणून बसला नसता.

मी उजाडतानाच निघायचं ठरवलं होतं, म्हणजे ऊन चढण्याआधी वर पोचलो असतो. पण मालूने त्या बेताची वाट लावली. थोडं चढलो नाही तोच ती एका झिजलेल्या पायरीपाशी बसली.

"दादा, थांब. हिला किती तुडवतात रे लोक. जरा बसू हिच्याजवळ."

पुढे एक वाकडं झाड लागलं, मग एक लंगडा कुत्रा, मग कोणाचा तरी हरवलेला मोजा. प्रत्येकाजवळ बसणं झालं. शरद कपाळाचा घाम पुसत तिच्यावर खेकसायचा, "तू गड चढतेस की शोकसभा घेतेस?" आणि खेकसून झालं की नाइलाजाने बसायचा.

अर्ध्या वाटेवर ताकवालीचं खोपटं आहे. शरद ग्लास घेऊन दरी बघायला कठड्याकडे गेला. ताकवाली मालूला म्हणाली, "बाई, आज बरं नाय वाटत काय? एरवी कुठं टेकत नाय तुमी."

मालूने तिला डोळ्यांनी दटावलं. पण मी ऐकलं होतं.

"एरवी म्हणजे?" मी विचारलं.

"हर रविवारी येतात की. नाय आल्या तर मीच फोन लावते. बाई, हाय काय जागेवर?"

मालू ग्लासात बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, आठवडाभर माझी बडबड एकट्या घरालाच ऐकावी लागते गं. रविवारी त्याला सुट्टी देते."

तिने पदराने तोंड पुसलं आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, "दादा, दरी तिथंच राहणार आहे, चल आता!"

महादरवाज्याशी शरद आमच्या थोडा आधी पोचला. आत न जाता तो उंबऱ्याबाहेरच्या दगडावर बसला होता. शर्ट ओला झाला होता, चेहरा मात्र लहान मुलासारखा उजळला होता. मालूला पाहून त्याने शेजारच्या दगडावर हात आपटला.

"बस."

"आता कशाला? आलोच की आपण," मालू म्हणाली. "मी काही दमले नाही."

"मी दमलोय," शरद म्हणाला.

मालूने त्याच्याकडे पाहिलं आणि ती त्याच्याजवळ बसली.