मागून येणारी बस

आमच्या खालच्या मजल्यावरचे भालेरावकाका पळायला लागण्यापूर्वी तोंडाने दोनदा घंटी वाजवतात. "टिंग टिंग." मगच पाऊल उचलतात. थांबायचं असलं तर एकच टिंग. येरवड्याच्या आमच्या सोसायटीत नवे आलेले लोक ते ऐकून आपापल्या पोरांना जवळ ओढतात. जुन्यांना सवय झाली आहे. काकांची सगळी नोकरी शहर बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली. नोकरी संपली, घंटी संपली नाही.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं, हे मी चुकून काकांसमोर बोलून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नगर रस्त्यावर पळत होते.

काकांचं एक शास्त्र आहे. "मॅडम, पळणं हे पायांचं काम नाही. गर्दी सांभाळायचं काम आहे." पळताना जे दुखतं, जे मनात येतं, तो एकेक प्रवासी. गुडघा शास्त्रीनगरला चढतो. त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. तिकीट फाडायचं, कुठे उतरणार ते विचारायचं आणि पुढे सरकवायचं. धाप रामवाडीला चढते, तिच्याजवळ बोचकी फार. पण विमाननगरला उतरतेच. "कोणी कायमचा बसायला येत नाही," असं ते म्हणत.

मी जात्याच काळजी करणारी बाई. गॅस बंद केला का, छातीत दुखतंय की भास आहे, मी इथेच पडले तर घरी कोण कळवणार? माझी बस घराच्या फाटकातच भरायची. काका न थांबता ओरडायचे, "पुढे सरका, मागं जागा आहे." आणि खरं सांगते, त्याने बरं वाटायचं.

मग काकांनी आम्हा दोघांची नावं शर्यतीत घातली. येरवड्याहून वाघोली आणि परत, एकवीस किलोमीटर. सगळ्यांच्या मागून आयोजकांची एक बस हळूहळू येते. तिने गाठलं, की पळणाऱ्याला आत बसवतात आणि त्याची शर्यत तिथेच संपते. काका गेल्या वर्षी त्याच बसमधून परतले होते. त्यावर ते कधी बोलले नव्हते. आदल्या दिवशी मात्र जिन्यात थांबवून म्हणाले, "काही झालं तरी त्या गाडीत बसायचं नाही." त्यांचा चेहरा बघून मी लगेच हो म्हणून टाकलं.

वाघोलीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. परतताना खराडीच्या अलीकडे माझ्या पोटरीत गोळा आला. त्याला तिकीट दिलं, पुढे सरकवलं, पण तो दारातच उभा. मी लंगडू लागले. मागून इंजिनाची घरघर ऐकू येऊ लागली. काका सारखे वळून बघत होते आणि त्यांची बडबड बंद पडली होती. कंडक्टरच गप्प झाल्यावर प्रवाशाने काय करायचं?

"काका, तुम्ही व्हा पुढे. तुमचं होईल. मी बसते गाडीत."

"टिंग," काका म्हणाले आणि थांबले. 

बस जवळ आली. आत ड्रायव्हरशिवाय कोणी नव्हतं. काका तिच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "गेल्या वर्षीही अशीच होती. एवढ्या गाडीत मी एकटा. ड्युटीवर होतो तेव्हा रिकाम्या गाडीचं काही वाटत नव्हतं हो. डेपोत लावली की घरी ही वाट बघत असायची." काकू गेल्याला दोन वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला.

"म्हणून सांगतेय ना, पळा तुम्ही."

"आणि तुम्हाला त्यात एकटीला बसवू?" असं म्हणून त्यांनी माझा दंड धरला, मला पायरीवर चढवलं आणि मागोमाग स्वतः चढले. दारात उभं राहून म्हणाले, "टिंग टिंग." ड्रायव्हरने मुकाट्याने गाडी सोडली.

पुढे वाटेत दमलेले आणखी काहीजण मिळाले. प्रत्येकाला काकांनी हात देऊन वर घेतलं, कुठे दुखतंय ते विचारलं आणि पुढे सरकवलं. येरवड्याला पोहोचेपर्यंत बस हसण्याबोलण्याने भरून गेली होती. मग सगळे उतरले. काका सवयीने मागच्या सीटपासून तपासणीला निघाले, कोणाचं काही राहिलंय का ते बघायला.

मी दारातच दांडा धरून उभी राहिले.

"उतरा मॅडम, शेवटचा स्टॉप आहे."

"तुमचं होऊ द्या," मी म्हणाले. "तोवर गाडीत एक प्रवासी आहे."

काका एका सीटखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.