सोनेरी चौकट

कारभारीरावांचा पारा चढला होता. गारखेड्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या नव्या वेबसाइटवर अध्यक्षांचा, म्हणजे त्यांचा, फोटो उपाध्यक्ष सुदर्शनरावांच्या फोटोएवढाच होता. सुपारीएवढा! रविवारी उद्घाटन, आणि हा अपमान? सत्तरीतही ऊस दातांनी सोलतो म्हणून सांगणाऱ्या माणसाचा?

"फ्लेक्सवर माझा फोटो केवढा असतो, ठाव हाय का तुला?" तोंडावरचा रुमाल जरासा हलवून ते गरजले. दाढ दुखते म्हणून आठवडाभर तो रुमाल तोंडावरच होता.

"काका, तयार थीम आहे. सगळ्या पानांना एकच टेम्प्लेट, त्यात सगळे फोटो सारखेच येतात," संघाचं ऑफिस सांभाळणारी मेघा म्हणाली.

"मग बदल की! पहिला फोटो मोठा, अन् सोनेरी चौकट!"

मेघानं थीममध्ये स्वतःच्या कोडच्या चार ओळी घातल्या. ओठ घट्ट मिटलेले कारभारीराव पानभर पसरले. बाकीची पानं बघायची त्यांना गरज वाटली नाही.

रविवारी पडद्यावर साइट उघडली. अध्यक्षांना टाळ्या पडल्या. मग 'हरवले-सापडले'चं पान आलं आणि त्यातलाही पहिला फोटो पडदाभर झळकला, सोनेरी चौकटीसकट. संघाच्या बाकाखाली सापडलेली कवळी!

"अध्यक्षांच्या बरोबरीचा मान!" सुदर्शनराव ओरडले. हॉल हसून हसून बेजार झाला.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता!" कारभारीराव रुमालाआडून कडाडले.

"टेम्प्लेट एकच आहे ना काका. वेगळं करायला दोन दिवस लागतील. तोवर तुमचाही फोटो लहान करू?"

"नाय! ती कवळीच काढ!"

"मालकानं खूण सांगून वस्तू नेल्याशिवाय फोटो काढायचा नाही. नियम तुमचाच आहे."

स्वतःच्याच नियमावर इतका संताप त्यांना कधी आला नव्हता. हॉल रिकामा झाल्यावर ते ऑफिसात शिरले आणि दार लावून घेतलं.

"मागच्या दाताला तार हाय," भिंतीकडं बघत ते पुटपुटले. "अन् हे कुणाला बोललीस तर बघ."

सोमवारी साइटवर नवा फोटो आला. दाढदुखी पळाली होती. अध्यक्ष चक्क हसत होते, सगळे दात दाखवून. सुदर्शनराव मोबाइल नाकाशी धरून बराच वेळ बघत राहिले.

"कारभारी, फोटो लई झ्याक," ते म्हणाले. "पण हे दात मी कालच कुठंतरी बघितलेत. चौकट बी हीच होती."