जंगल छापलेली गाडी

भाऊसाहेबांच्या घरी विजेवर चालणारी पिकअप आली, ती बायकोच्या झाडांसाठी. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढे ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांच्या बायकोने वर्षानुवर्षं खपून रोपवाटिका उभी केली होती. आजवर गिऱ्हाईक यायचं ते एखाद-दुसऱ्या कुंडीसाठी. आता पहिल्यांदाच मोठं काम हाती आलं होतं: शहराबाहेर बांधलेल्या नव्या रुग्णालयाची दालनं, जिने आणि व्हरांडे झाडांनी सजवायचे. उद्घाटनाआधी झाडं पोचली तर त्यांची निगा राखण्याचं कायमचं कामही तिलाच मिळणार होतं. नाही पोचली तर रुग्णालय आपली दुसरी सोय बघणार होतं.

गाडी पांढरी होती आणि कुंड्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण भाऊसाहेब पडले पर्यावरणाचे कैवारी. आपण धूर सोडत नाही हे लोकांना कळणारच नसेल, तर तो न सोडण्यात अर्थ काय, या प्रश्नाने त्यांना घेरलं. त्यातच समोरच्या डॉक्टरांनी आपल्या मोटारीला जांभळा रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायचा प्लॅस्टिकचा पातळ थर, लावून घेतला होता, आणि तेव्हापासून सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीबद्दलही डॉक्टरांचंच मत विचारलं जाऊ लागलं होतं.

"गाडीला रॅप लावून घेतो," भाऊसाहेब बायकोला म्हणाले. "रंगाला संरक्षण मिळेल."

"अहो, कुंड्या भरायच्या म्हणजे ओरखडे पडणारच. कामाची गाडी आहे ती."

"म्हणूनच तर संरक्षण हवं ना," भाऊसाहेब म्हणाले. यावर बायकोने वाद घातला नाही, कारण तिला कुंड्यांना पाणी घालायचं होतं.

रॅपवाल्याचं दुकान एखाद्या शस्त्रक्रियागृहासारखं स्वच्छ होतं. बुटांवर पिशव्या चढवल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. रॅपवाला गाडीला गाडी म्हणत नसे, 'बॉडी' म्हणे, आणि तिच्यावरून हात फिरवताना आवाज खाली आणी. त्याने भाऊसाहेबांना नमुने दाखवले आणि भाऊसाहेबांनी 'घनदाट जंगल, मॅट' हा नमुना पसंत केला. पुढच्या काही दिवसांत प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर छापलेलं संपूर्ण जंगल गाडीवर ताणून, तापवून, चोपून बसवण्यात आलं. मागचा हौदाही सुटला नाही. त्याच्या तळाशी ओलं गवत उगवलेलं होतं.

गाडी ताब्यात देताना रॅपवाल्याने पथ्यं सांगितली. "ऊन लागू द्यायचं नाही. पाणी मारायचं नाही. झाडाखाली तर उभीच करायची नाही, चीक पडतो आणि पाखरं घाण करतात. मातीपासून लांब ठेवा, साहेब. मातीत बारीक खडे असतात."

"आणि माल भरला तर चालेल?"

"भरा की. गाडी तुमचीच आहे," रॅपवाला प्रेमाने म्हणाला. "गॅरंटी तेवढी आमची आहे, ती जाईल."

भाऊसाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "चार्जिंगचं झाकण दिसत नाही."

"त्या मोठ्या बुंध्याखाली आहे. कापलं असतं तर बुंध्याला फट दिसली असती. अगदीच अडलं तर नखाने कडा उचला, पण शक्यतो उघडू नका."

त्यामुळे गाडी चालवून बॅटरी उतरवणं शहाणपणाचं ठरलं नसतं. भाऊसाहेबांनी मोटारी वाहून नेणारा मोठा डिझेल ट्रक बोलावला. त्याच्या पाठीवर बसून बिनधुराची गाडी काळ्या धुरातून घरी आली आणि सोसायटीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. भाऊसाहेबांना कृतकृत्य वाटलं.

आता तिला ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. ऊन वर्ज्य, झाडाची सावलीही वर्ज्य. रोपवाटिकेवर हिरवी जाळी ताणलेली होती. खाली रुग्णालयासाठी वाढवलेली, सावलीत राहणारी झाडं ओळीने मांडलेली होती. भाऊसाहेबांनी शिडी लावली.

"अहो, ती जाळी झाडांची आहे," बायको धावत आली. "या झाडांना ऊन सोसत नाही. पानं करपतात."

"झाडांनाही सोसत नाही म्हणतेस, मग रॅपचं काय होत असेल याचा विचार कर," भाऊसाहेब वरून म्हणाले. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. अगं, झाडं म्हटल्यावर थोडं ऊन खाणारच."

जाळी गाडीवर गेली. बायकोने घरातल्या चादरी आणि जुने पडदे आणून जमेल तितकी झाडं झाकली. तिच्याकडे पाहून भाऊसाहेबांना क्षणभर अपराधी वाटलं, पण तेवढ्यात डॉक्टर गाडी बघायला आले आणि तो क्षण गेला.

डॉक्टरांनी जंगल चहूबाजूंनी न्याहाळलं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "रंग बदलल्याची नोंद केलीत ना? नाही, हल्ली फार कडक झालेत." जळफळाटाला नागरिकशास्त्राचं वळण लागलं की त्याच्यासारखं शस्त्र नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी डिझेल ट्रकवर बसून वाहन नोंदणीच्या कचेरीत गेली.

निरीक्षकांनी चष्मा पुसला. "नोंदीप्रमाणे वाहन पांढरं आहे. हे कुठलं?"

"हे तेच, साहेब. पांढरं आत आहे."

"वाहनाच्या आत वाहन?"

"वरून फक्त आवरण आहे."

"आवरण असेल तर काढून दाखवा."

"काढलं तर फाटेल, साहेब."

"निघत नाही ते आवरण कसलं? तो रंगच झाला. रंग बदलायला आधी परवानगी लागते, आणि परवानगी देण्यापूर्वी आम्हाला मूळ रंग डोळ्यांनी बघावा लागतो." निरीक्षक क्रूर नव्हते, ते फक्त सुसंगत होते. बराच खल होऊन तोडगा निघाला: तळहाताएवढा रॅप कापून खिडकी पाडायची आणि तिच्यातून पांढरं वाहन दाखवायचं. तपासणीची तारीख उद्घाटनानंतरची मिळाली. तोवर हौद्यात माल भरण्यास मनाई, कारण माल रंग झाकतो.

रुग्णालयाच्या झाडांचा विषय भाऊसाहेबांच्या ओठांवर आला होता. पण खिडकी पानांत पाडावी की खोडात, हा प्रश्न त्या घडीला अधिक निकडीचा होता.

"मी टेम्पो भाड्याने आणते," संध्याकाळी बायको म्हणाली.

"धूर ओकणारा टेम्पो? आपल्या दारात?"

"गाडी कचेरीत नेलीत ती कशावर बसवून?"

"तो ट्रक गाडी नेत होता. तत्त्व वेगळं आहे."

तत्त्व न जुमानता तिने सकाळी टेम्पो आणला. चालकाने मागची फळी पाडली आणि तो कुंड्यांकडे बघत राहिला. चादरी वाऱ्याने केव्हाच उडाल्या होत्या. कडेची पानं तांबडी पडली होती, मधली कागदासारखी वाजत होती. तिने एक पान उचललं, त्याचा हातात चुरा झाला. ती चालकाला म्हणाली, "दादा, तुम्ही जा. तुमचं भाडं देते." मग ती तिथेच ओल्या मातीत बसली आणि रडली. भाऊसाहेबांना फार वाईट वाटलं. जवळ जाऊन तिला उठवावं असं त्यांच्या मनात आलं, पण हाताला माती लागली असती आणि मग गाडीला हात लावता आला नसता.

रुग्णालयाने दुसरी सोय पाहिली. प्लॅस्टिकची झाडं मागवली. ती आणायला मात्र त्यांना पर्यावरणाचा संदेश देणारं वाहन हवं होतं, आणि असं वाहन पंचक्रोशीत एकच होतं. या झाडांना माती नव्हती, पाणी नव्हतं, चीक नव्हता. रॅपवाल्याने गॅरंटी कायम ठेवली. निरीक्षकांनीही कळवलं की शोभेची झाडं ही सजावट असून माल नव्हे. उद्घाटनाच्या दिवशी प्लॅस्टिकच्या गवतावर प्लॅस्टिकची झाडं उभी राहिली, तो सगळा लवाजमा डिझेल ट्रकवर चढला आणि धुराच्या लोटातून रुग्णालयाच्या दारात उतरला. भाऊसाहेबांना शाल मिळाली.

तुम्हीही होतात तिथे. गाडीजवळ उभं राहून तुम्ही फोटो काढलात. मग दालनात गेलात, इकडे-तिकडे बघून एका पानाला नख लावलंत आणि म्हणालात, "खोटं आहे असं वाटतच नाही." शेजारी भाऊसाहेबांची बायको उभी होती. तिचा रोपांचा धंदा आहे हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं, तेव्हा तुम्ही आपुलकीने चौकशी केलीत, "तुमच्याकडे अशी नाही का ठेवत? बरी पडतात हो, पाणी घालायची कटकट नाही."

तेव्हा ती ठेवत नव्हती. पण आता ठेवते.