राजमुद्रा उमटलेले गवत

एका जंगलात विमाने होती, पण त्यांना इंजिने नव्हती. हसू नका, बाळांनो. इंजिन करायला विद्या लागते; युद्ध करायला लागत नाही.

वेताची चौकट, तिला केळीच्या सोपटांचे पंख, असे ते यान असे. करकोचा ते दोराने ओढत वर नेई आणि शत्रूच्या मुलखावर दोर सोडून परत फिरे. मग यान आवाज न करता तरंगत खाली येई. पुन्हा वर चढणे त्याला शक्य नसे. उतरण्याची संधी एकदाच. म्हणून ते हाकण्याचे काम उडत्या खारींकडे होते. झाडावरून झाडावर तरंगत जाणे हा त्यांचा पिढीजात अभ्यास.

त्यांच्यात चिमाबाई नावाची एक जाणती खार होती. नदीपलीकडचा लांडग्यांचा पूल घ्यायचा ठरला, तेव्हा तिच्या यानात चार मुंगूस शिपाई बसणार होते.

सेनापती बिबट्याने नकाशा पसरला. तो गृध्रपंत नावाच्या गिधाडाने काढला होता.

"पुलाजवळ मऊ गवताचे कुरण आहे," पंत म्हणाले. "तेथे उतरावे."

"पंत, ते बांबूचे बन आहे," चिमाबाई म्हणाली. "माझे माहेर त्याच काठावर आहे."

"आम्ही स्वतः पाहिले आहे."

"कोठून?"

"आकाशातून. दोन कोस उंचीवरून."

"तेवढ्या उंचीवरून बांबूही गवतच दिसतात. एकदा खाली उतरून पाहावे. पाच जिवांचा प्रश्न आहे."

"खाली उतरणे आमच्या हुद्द्यात बसत नाही."

बिबट्याने मिशीवरून पंजा फिरवला. "बाई, नकाशावर राजमुद्रा उमटली आहे. आता ते गवतच."

दुसऱ्या दिवशी उजाडताच करकोच्याने दोर सोडला. खाली भाल्यांसारखे बांबू उभे होते.

"चिमाक्का," मुंगसांचा हवालदार खंडोजी ओरडला, "गवत बरेच माजलेले दिसते!"

"हवालदार, डोके गुडघ्यांत घाला आणि तोंड मिटा!"

बांबूंच्या दोन जाड बेटांमध्ये यानाच्या धडापुरतीच फट होती. चिमाबाईने नेम धरून यान तिच्यात घातले. दोन्ही पंख बांबूंवर आपटून तुटले. त्या धडकेने वेग खाल्ला. उरलेले धड जमीन नांगरत थांबले. चिमाबाईचा पाय मोडला. मुंगूस चारही जिवंत राहिले. दुपारपर्यंत पूल त्यांच्या ताब्यात आला.

यान हाकणारीने परत कसे यावे, याचा विचार आज्ञेत नव्हता. खंडोजीने तिला तीन दिवस पाठीवर वाहून आणले.

छावणीत चौकशी बसली.

"गवतावर उतरताना दोन्ही पंख मोडलेच कसे?" बिबट्याने विचारले.

"साहेब, बांबू होते," खंडोजी म्हणाला. "माझ्या मांडीत अजून कामटी रुतलेली आहे. दाखवू?"

लेखनिक पोपटाने लिहिले : साक्षीदाराच्या मांडीत गवत रुतले.

पंख मोडल्याबद्दल चिमाबाईला लेखी ठपका मिळाला. अचूक नकाशाबद्दल गृध्रपंतांना पदक मिळाले. इतक्यात वार्ता आली की लांडग्यांनी पूल परत घेतला. त्याच कुरणावर चाळीस याने उतरवण्याचे तत्काळ ठरले.

"निदान आधी बांबू तोडून घ्या," कुबडीवर उभी राहून चिमाबाई म्हणाली.

"गवताला कुऱ्हाड कशाला?" पंत हसले. "आपण नव्या खारींना शिकवा."

चिमाबाईने आठ दिवस एकच गोष्ट शिकवली : दोन बांबूंमधली फट शोधणे आणि पंखांचा मोह सोडणे. या विद्येला दप्तरात 'तृणावतरणशास्त्र' असे नाव पडले.

चाळीस खारी गेल्या. एकोणीस आल्या, त्याही चालत.

गृध्रपंतांनी परतलेल्यांची संख्या ऐकली आणि नकाशावर सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला : कुरण उत्तम, उपयोगात आणण्यास हरकत नाही.

तात्पर्य : बाळांनो, सदैव भरपूर उंचीवर राहावे. ज्याची जमिनीशी गाठ पडते, चूक त्याचीच ठरते.