जॉबरसाहेबांना रिपोर्ट

जॉबरसाहेब कुणाशी हात मिळवत नसत. समोरच्याने हात पुढे केला की त्यातला अंगठा तेवढा धरायचे, दोनदा वाकवायचे आणि हात ज्याचा त्याला परत द्यायचे. एका बँक मॅनेजरचाही असाच वाकवला होता. वर त्याला समजावलं, "गिअरची सायकल हात नाही मागत साहेब, अंगठा मागते."

कपडा मिलमध्ये ते जॉबर होते, म्हणजे चाळीस मागांवरचे मुकादम. मिल बंद पडली, पण नावातला जॉबर सुटला नाही. जुनी इंदूरमध्ये त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि बाजारात गिअरच्या सायकली आल्यावर बाकी सगळं सोडून दिलं. पंक्चरवाल्याला समोरच्या दुकानात पाठवायचे. "हवा तर कोणीही भरतो."

मी आजऱ्याकडचा, आठवीतून शाळा सोडून इकडे आलेला. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात प्रेसवर होतो. तिथे मिलचे सुटे भाग बनायचे. मिल गेल्या, मग तोही गेला. माझ्या उजव्या अंगठ्याचं वाकणं त्याआधीच त्या प्रेसखाली राहिलं होतं. पुढे चहाच्या पुड्या विकणारा एक एजंट भेटला. मानपुरच्या घाटातल्या ढाब्यांवर पुड्या पोचवायच्या, पण एक तारखेपर्यंत स्वतःची गिअरची सायकल पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे, असं त्याने साफ सांगितलं. अंगठ्याचं मी त्याला सांगितलं नाही. जुनी सायकल मिळाली, तिचा गिअर बदलायचा खटका तेवढा तुटलेला. हातात बारा दिवस होते.

जॉबरसाहेबांना बाळू म्हणून नाव सांगितलं, घाटातलं काम सांगितलं. त्यांनी माझा अंगठा धरला. तो एकदाही वाकला नाही.

"दुखतो का?"

"नाही साहेब."

"बरं."

त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि लाकडी खोक्यातल्या कशाला तरी ती दोऱ्याने बांधली. मिलमध्ये मालावर बांधायचे तशी. मग टेबलावर तीन नमुने मांडले.

"हा दांडीवाला. जुना विणकर समज. खटका नाही, नंबर नाही, साखळी कानाने ऐकून बसवायची. मार खाल्ला तरी काम करतो. हा खटकेवाला. हेड क्लर्क आहे. दाबला की एक गिअर, पण तार जरा ढिली पडली की फाईल अडली. आणि हा मुठीवाला. मूठ पिळायची. लेकिन खड्ड्यात माणूस मूठ आवळतो की नाही? तेव्हा हा आपल्या मर्जीने गिअर बदलतो. जावई आहे, समझा?"

"माझ्यासाठी कोणता, साहेब?"

"जल्दी कसली? मशीनला विचारू."

मशीनला विचारायचं म्हणजे आधी पाच दिवस दांडीवाला चालवायचा आणि पूर्वी मिलची पाळी सुटायची त्या वेळी दुकानात हजर व्हायचं. तिथे उभं राहून बोलायचं. मिलमध्ये चाळीस विणकर त्यांना असंच सांगून घरी जायचे. "पहले रिपोर्ट, मग चाय."

"पुलाच्या चढावर जरा उशीर झाला, साहेब."

"जरा म्हणजे किती? निंबाच्या झाडाआधी की नंतर?"

"नंतर."

ते डोळे मिटून विचार करायचे. दांडी मी तळहाताने ढकलतो, हे मी सांगत नव्हतो.

पुढचे पाच दिवस खटकेवाला. तो मी आडवा वाकून डाव्या हाताने दाबायचो. त्या नादात एकदा भाजीच्या ठेल्यात शिरलो.

"भाजी कोणती?"

"मेथी."

"मग लागलं नसेल," म्हणून त्यांनी चहा पुढे केला.

त्याच बैठकीत कॉलेजचा एक मुलगा आला आणि पाच मिनिटांत खटकेवाला बसवून गेलासुद्धा.

"त्याला पाच मिनिटं आणि मला दहा दिवस?"

"त्याची केस सीधी आहे, भिया."

तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा माझा धीर सुटला. "साहेब, नोकरी जाईल माझी. अंगठा वाकतच नाही, खरं सांगतो. मुठीवाला बसवा, नाहीतर सायकल द्या परत."

ते उठले. खोक्यातून एक मुठीवाला काढून माझ्या हातात दिला आणि पाना शोधायला आत गेले. त्याला चिठ्ठी बांधलेली होती. 'बाळू. अंगठा कामातून गेला. मनगट मजबूत. मुठीवाला, पण आतली स्प्रिंग कडक टाकणे. घाटात खड्डे आहेत.' खाली तारीख पहिल्या दिवसाची.

मी मूठ पिळून पाहिली. स्प्रिंग कडक होती.

"साहेब, हे तयारच होतं?" माझा आवाज चढला होता.

पाना लावता लावता, वर न बघता ते म्हणाले, "त्या दिवशी बसवला असता, तर रिपोर्ट कोणी दिला असता?"

मी हँडल धरलं, ते पाना फिरवत राहिले.

एक तारखेला सायकल बसच्या टपावर टाकून मानपुरला गेलो. घाटात एकदाही उतरावं लागलं नाही. खड्ड्यांत मूठ जागची हलली नाही. नोकरी पक्की झाली. या माणसाचे उपकार मी आजही मोजत नाही, मोजता येणार नाहीत.

संध्याकाळी परत आलो तेव्हा दुकानात चहाचे दोन ग्लास भरलेले होते. एकावर बशी झाकली होती. मी दारात सरळ उभा राहिलो.

"साहेब, रिपोर्ट. तिसरा गिअर जरा अडतो."

अडत नव्हता.

त्यांनी चष्मा लावला. "जरा म्हणजे किती?"

मी स्टूल ओढून घेतलं.