नेनेकाकांचं बिनखिळ्याचं घर

नेनेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवायचे. चहापाणी, विचारपूस सगळं नंतर. डॉक्टर छाती वाजवून बघतात तसं मधल्या बोटानं टकटक करायचं, कान लावायचा आणि निदान सांगायचं. आम्ही श्रूजबरीत नवं घर घेतलं आणि सत्यनारायण घातला, तेव्हा काकांनी प्रसादाची वाटी हातात धरूनच हॉलची भिंत वाजवली.

"पुठ्ठा आहे रे," ते हळहळून म्हणाले. "एवढं शिकून अमेरिकेत आलात आणि पुठ्ठ्यात राहताय!"

माझ्या बायकोनं त्यांना पुन्हा प्रसाद विचारला नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही सगळे नव्या वस्तीत दोन गाड्यांचं गॅरेज असलेली घरं शोधत होतो, आणि स्ट्रक्चरल इंजिनियर असलेल्या नेनेकाकांनी गावाबाहेरचं दोनशे वर्षांहून जुनं फार्महाउस घेतलं होतं. इंग्लंडहून आलेल्या कुणा शेतकऱ्यानं ते आपल्या गावाकडच्या पद्धतीनं बांधलेलं. आत ओकच्या जाडजूड खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची, असं सगळं काम. "भिंती काढून टाक, घर तरी उभं राहील," काका सांगायचे. "आणि सांगाड्यात एक खिळा नाही. एक!" हे सांगताना त्यांचा चेहरा मुलीचा पहिला नंबर आल्यासारखा व्हायचा.

हॉलच्या मधली तुळई इतकी खाली होती, की गावातल्या प्रत्येक मराठी माणसाचं कपाळ तिच्यावर एकदा तरी आपटलेलं होतं. कुणी आपटलं की काका धावत यायचे. "लागलं का?" असं विचारायचे, पण बघायचे तुळईकडे.

जेवायला बोलावलं तरी आधी माळ्यावर जावं लागे. तिथं टॉर्चच्या उजेडात ते सुतारानं पटाशीनं कोरलेल्या रोमन आकड्यांच्या खुणा दाखवत. "हा चार नंबरचा खांब, ही चार नंबरची तुळई. अंगणात जोडी जमवून बघितली आणि मगच उभी केली. चारची पाचात बसायचीच नाही!" तेवढ्यात खालून नेनेकाकूंचा आवाज यायचा, "पुऱ्या गार झाल्या हो! चार नंबरला म्हणावं आता जेवू द्या माणसांना."

मूळ सुतारानं खिळा मारला नाही, मग आपण कसा मारायचा, हा काकांचा हट्ट. भिंतीवर फोन लावायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातून परत पाठवलं आणि फोन जमिनीवर ठेवला. मराठी कॅलेंडर फ्रिजला चुंबकानं चिकटवलेलं. काकूंच्या आईवडिलांची फ्रेम तर जेवणाच्या टेबलापाशी एका खुर्चीत उभी असायची, त्यामुळे पाहुणे आले की एक खुर्ची नेहमी कमी पडे. "बारा वर्षं आई-अप्पांना खुर्चीत बसवून ठेवलंय," काकू म्हणत. "एकदा भिंतीवर विसावू देत त्यांना!"

त्या घराचा जिना शिडीसारखा उभा होता आणि त्याला कठडा नव्हता. काकू वर्षानुवर्षं कठडा मागत होत्या. काका ‘नाही’ असं कधीच म्हणाले नाहीत. "ओकचा करतो ना, खुंट्या मारून. लाकूड जरा वाळू दे." ते लाकूड मागच्या कोठारात सहा वर्षं वाळत होतं.

आणि एका हिवाळ्यात काकू कपड्यांची बास्केट घेऊन उतरताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. दूरच्या ट्रॉय शहरातून त्यांची मुलगी सुनीता आली आणि हॉस्पिटलमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, आय ॲम टेकिंग आई टू ट्रॉय. दॅट हाउस इज नॉट सेफ."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "जिन्याला कठडा लागला तर घरी येईन. नाहीतर सुनीताकडे जाते. तुम्ही राहा तुमच्या खांबांबरोबर."

त्या चेष्टा करत नव्हत्या. शनिवारी डिस्चार्ज होता.

मला काकांचा खरंच राग आला होता. शुक्रवारी दुपारी मी रजा टाकली आणि ड्रिल घेऊन त्यांच्याकडे गेलो. काय काय सुनवायचं ते गाडीत पाठ केलं होतं. त्या तंद्रीत हॉलमध्ये शिरलो आणि तुळईवर डोकं आपटलं.

"लागलं का रे?" काकांनी विचारलं. या वेळी ते माझ्याकडे बघत होते.

मग मला जिना दिसला. दोन्ही बाजूंना कठडे होते, दुकानातून आणलेले, लोखंडी ब्रॅकेटचे, आणि बोटाएवढे स्क्रू थेट ओकच्या खांबांत पिळलेले. बाथरूममध्येही धरायला दांडा होता.

"काका, ओकचा करणार होतात ना?"

"ते लाकूड कधीच वाळलं होतं," ते म्हणाले. "मीच करत नव्हतो. मीच पाडलं रे तिला."

बोलता बोलता सवयीनं त्यांनी जवळचा खांब वाजवला. "रोज वाजवतोय. ती गेल्यापासून सगळं घर पोकळ वाजतंय." माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फक्त त्यांची कीव आली. मी ड्रिल गाडीत ठेवलं आणि आम्ही दोघांनी चहा करून घेतला.

शनिवारी काकू वॉकर घेऊन आत आल्या. टेबलापाशी येताच थबकल्या. आईवडिलांची खुर्ची रिकामी होती. फ्रेम समोरच्या खांबावर टांगलेली होती.

"एकच खिळा मारलाय," काका अपराध्यासारखे म्हणाले.

काकू वॉकर सरकवत फ्रेमपाशी गेल्या. "वाकडी लागलीये," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसले.

"आई, आर यू शुअर?" सुनीतानं विचारलं. काकूंनी वॉकर तिच्या हातात दिला आणि कठडा धरला. पहिल्याच पायरीवर थांबून त्यांनी मधल्या बोटानं बाजूचा खांब वाजवला.

"काय म्हणतोय?" काकांनी खालून हळूच विचारलं.

"भरीव आहे," काकू म्हणाल्या. "या आता, धरा मला."