खांबेटेकाकांच्या शेजारची खुर्ची

खांबेटेकाका तांदळाच्या गोणीला सीटबेल्ट लावायचे. वर विचारायचे, "घट्ट नाही ना झाला?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. पहिल्यांदा मला हसू आलं. पुढे पुढे मीसुद्धा उत्तराची वाट बघायला लागलो, तेव्हा मात्र टरकलो.

ही ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेतल्या ट्रॉय गावातली गोष्ट. काका आमचे शेजारी, मोटारींचे इंजिनियर. गॅरेजमध्ये त्यांनी अगदी सुरुवातीच्या काळातल्यासारखं हेलिकॉप्टर बांधलं होतं. उघडा सांगाडा, शेजारी शेजारी दोन खुर्च्या. "पहिली हेलिकॉप्टरं दोरांनी बांधूनच उडवायचे," ते सांगायचे. "वजन एका बाजूला झालं की उलटतं. यंत्राला फसवू नये." दर शनिवारी सकाळी बॅकयार्डात चार दोर, खुंट्यांवर लक्ष ठेवायला मी, आणि वीतभर उड्डाण. दुसरी खुर्ची काकूंची. त्या मार्चमध्ये गेल्या. मग तिथे गोणी आली, काकूंच्याच वजनाची, एकशे बारा पाउंड. इंडियन स्टोअरमधून मीच आणली. आमच्या हिला वाटलं, काका भंडारा घालतायत.

पण गोणी हलकी व्हायला लागली. शिवण शाबूत, भोक नाही, उंदीर नाही. तरी वजनाचा काटा दर शनिवारी खाली. एकशे आठ. एकशे तीन. शहाण्णव. हेलिकॉप्टर काकांच्या बाजूला कलायचं, पलीकडचा दोर करकरायचा. तो तुटला तर काका पात्यांखाली, या विचारानं माझी झोप उडाली.

"काका, रिस्की आहे. थोडे तांदूळ भरू या ना."

"नको. यंत्राला फसवू नये."

काटा एकाहत्तरवर आला त्या शनिवारी मी इंजिनाची किल्लीच खिशात टाकली. म्हटलं, "आधी सांगा, तांदूळ जातात कुठे?"

काकांनी काकूंची रेसिपीची वही काढली. मागच्या पानावर काकूंच्या अक्षरात दर शनिवारचं त्यांचं वजन. पहिला आकडा एकशे बारा, शेवटचा एकाहत्तर.

"दर आठवड्याला त्या आकड्याला उतरेल तेवढेच तांदूळ काढतो. शिवण उसवतो, परत घालतो." काका खाली बसले. "ती शेजारी बसायची आणि यंत्र माझ्या बाजूला कलायचं. दर आठवड्याला जास्त. मी इंजिन खोललं, एकेक पातं ग्रॅममध्ये तोललं. दोष सापडेना. तिच्याकडे बघितलंच नाही मी."

मी बेल्ट सोडून गोणी ओढली.

"सावकाश," काका म्हणाले. "तिला आता हात लावला तरी दुखतं."

मग आम्ही दोघांनी तिला धरून घरात नेलं.